धुऱ्याले धुरा: दोन राज्यांच्या मधात कायदा कसा चालते

सुनबाई तेलंगणातल्या आदिलाबादकडची, सासर आपल्या इकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासूसोबत माझ्या सेतू केंद्रावर आली ते हातात लॅमिनेशन केलेला एक कागद घेऊन. वर तेलुगू, खाली इंग्रजी, कोपऱ्यात तिकडच्या तहसीलदाराचा शिक्का. राज्य सरकारच्या एका भरतीचा फॉर्म भरायचा होता आणि कॅटेगरीच्या रकान्यात एसटी, म्हणजे अनुसूचित जमात, टाका म्हणाली. मी म्हटलं ताई, तुम्ही बंजारा ना, तिकडं लंबाडा म्हणून एसटीत येता, इकडं विमुक्त जाती अ मध्ये, हा दाखला इकडच्या भरतीत चालत नाही. पोरगी काही बोलली नाही, कागद परत पिशवीत ठेवायला लागली. सासू मात्र तशी सोडणारी नाही. म्हणाली, "काहून जी, पैनगंगा पार केली तं जात धुऊन जाते का?"

आता याला काय उत्तर देणार. त्या दिवशी "कायदाच तसा हाय माय" म्हणून वेळ मारून नेली, पण ते डोक्यातून गेलं नाही, कारण आमच्या पट्ट्यात हाच प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी वेगवेगळे कपडे घालून काउंटरवर येते. कोणाची गाडी तेलंगणा पासिंगची, कोणाचं वावर नदीपलीकडं, कोणी मिरची तोडायला खम्ममकडं जाते आणि रेशन इथं राहते, कोणाला आदिलाबादच्या कोर्टाची नोटीस येते आणि तो मला विचारते की फाडून टाकली तं चालते ना. काहींना वाटते देश एक आहे तर सगळे कागद सगळीकडं चालले पाहिजे, काहींना वाटते तेलंगणा म्हणजे परदेश, तिथला हुकूम इथं लागतच नाही. दोघंही चुकतात. म्हणून एकदाचं बसून लिहितो आहे, मी वकील नाही, सेतूवाला आहे, पण फॉर्म भरून भरून कायद्याची बाजू बरीच वाचून झाली.

सुरुवात जमिनीपासून करू. आमच्या गावात एक आजोबा आहेत, ऐंशी कधीच ओलांडलेली. ते जन्मले तेव्हा हा मुलूख मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. १९५० च्या २६ जानेवारीपासून मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठले तर मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. चार पाट्या बदलल्या, आजोबांनी ना वावर बदललं ना विहीर. नदीपलीकडं त्यांचे साडू, त्यांचंही तसंच, आधी निजामाचं हैदराबाद, मग आंध्र प्रदेश, मग २ जून २०१४ पासून तेलंगणा. म्हणजे दोन साडवांनी मिळून सात राज्यं पाहिली आणि दोघंही घरून हालले नाहीत.

हे कसं होऊ शकते? तर राज्यघटनेचं कलम ३. नवीन राज्य करणं, दोन जोडणं, सीमा सरकवणं, नाव बदलणं, हे सगळं संसदेच्या हातात आहे आणि तेही साध्या बहुमतानं. ज्या राज्याचा तुकडा पडणार त्याच्या विधानसभेला राष्ट्रपती मत विचारतात, फक्त विचारतात, ऐकलंच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेनं विभाजनाचं बिल फेटाळलं होतं, तरी फेब्रुवारीत संसदेनं ते पास केलं. आणि आपल्याकडं उलटं, राज्यांची फेररचना सुचवणाऱ्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती संसदेनं घेतलीच नाही. त्यामुळं वेगळ्या विदर्भाच्या सभेत कोणी म्हटलं की मुंबईनं हो म्हटलं की झालं, तर ते तसं नाही बावा, चावी दिल्लीला आहे.

आता दोन राज्यं एकमेकांची कोण? मला विचाराल तर धुरेकरी. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागलेले दोन कास्तकार असतात तसे. दोघांचा सातबारा वेगळा, कोणी कोणाचा नोकर नाही. यवतमाळचे कलेक्टर आदिलाबादच्या साध्या तलाठ्यालाही हुकूम देऊ शकत नाहीत, पत्र लिहून विनंती करू शकतात, आणि तिकडून उत्तर कधी येते कधी येत नाही. महाराष्ट्र मोठा, तेलंगणा लहान, म्हणून महाराष्ट्राचा शब्द वरचढ असंही नाही. फक्त वावराच्या धुरेकऱ्यात आणि यात एक फरक आहे, वावराचा धुरा सरकवायला पटवारी लागते आणि भांडण वाढलं तर कुऱ्हाडीही निघतात, राज्यांना कुऱ्हाड काढायची सोय घटनेनं ठेवली नाही. भांडण झालं तर कुठं जायचं ते आधीच लिहून ठेवलं आहे. त्यावर नंतर येतो, आधी रोजचे कागद.

कलम २६१ लक्षात ठेवा. ते म्हणते की एका राज्याचे सरकारी कागद, सरकारी कारवाया आणि कोर्टाचे निकाल यांना साऱ्या भारतात पूर्ण मान द्यायचा. म्हणजे आदिलाबादच्या नगरपालिकेनं दिलेला जन्माचा दाखला पांढरकवड्याच्या शाळेत खरा धरावाच लागते. भाषा तेलुगू आहे म्हणून मराठी भाषांतर करून आणा म्हणू शकतात, पण हा आमच्या राज्याचा नाही म्हणून फेकू शकत नाहीत. आणि दिवाणी कोर्टाचा अंतिम निकाल तर भारतात कुठंही बजावता येते. समजा इथल्या कोर्टात पैशाचा दावा जिंकला आणि समोरचा माणूस नदीपलीकडं जाऊन राहिला, तर नवीन केस लावायची गरज नाही, इथलं कोर्ट हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडं पाठवते आणि तिकडचं कोर्ट आपलाच असल्यासारखी वसुली करते. तर नोटीस फाडून टाकू का विचारणाऱ्या भाऊंना मी काय सांगितलं असेल ते समजून घ्या.

जमिनीचं मात्र वेगळं आहे. वावर जिथं असेल तिथलंच कोर्ट, तिथलंच रजिस्ट्रीचं ऑफिस, तिथलाच कायदा. आदिलाबाद जिल्ह्यातल्या अनुसूचित क्षेत्रात तर बिगर आदिवासी माणसाला जमीन विकत घेताच येत नाही, १९७० च्या दुरुस्तीनंतर एका बिगर आदिवासीनं दुसऱ्या बिगर आदिवासीला विकणंही बंद आहे. इकडचे लोक स्वस्तात मिळते म्हणून शंभरच्या स्टॅम्पवर व्यवहार करून येतात आणि मग माझ्याकडं ते ऑनलाइन चढवायला आणतात. ते कसं चढणार!

बरं, मग कलम २६१ असताना त्या सुनबाईचा दाखला का नाही चालला? सारी मेख इथंच आहे. दाखला खरा आहे हे मानणं एक गोष्ट आणि त्या दाखल्यावर फायदा देणं दुसरी. महाराष्ट्र सरकार असं म्हणत नाही की तिचा कागद खोटा आहे. कागद म्हणते "ही बाई तेलंगणात एसटी आहे", आणि महाराष्ट्र म्हणते, मान्य, तेलंगणात आहे. घटनेच्या ३४१ आणि ३४२ या कलमांत अनुसूचित जाती आणि जमातीची यादी राज्यागणिक आहे, त्या त्या राज्याच्या संबंधात. यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं निघाली आणि आता तिच्यात नाव घालायचं किंवा काढायचं तर फक्त संसद कायदा करून करू शकते, राज्य सरकार नाही, कोर्टही नाही. त्यामुळं एकच बंजारा समाज तेलंगणात एसटी, कर्नाटकात एससी आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती. १९७६ च्या कायद्यानं तेलंगणाच्या भागातले लंबाडा एसटीच्या यादीत आले, तोवर सीमा पडून वीस वर्षं झाली होती. २०२५ मध्ये बंजारा समाजानं हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या सरकारी नोंदींचा, आधार घेऊन महाराष्ट्रात एसटीची मागणी लावून धरली आणि आदिवासी समाजानं तिला विरोध केला, त्या साऱ्याच्या बुडाशी हीच सीमा आहे. कोण बरोबर ते मी इथं सांगत बसत नाही, माझ्या काउंटरवर दोन्ही समाजाचे लोक येतात.

आणि हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेलेला आहे, तोही आपल्याच दोन बाजूंचा. आंध्रात एसटी असलेल्या घरातला मुलगा, वडील नोकरीनिमित्त मुंबईला आले, मुलानं इथं मेडिकलला एसटीतून अर्ज केला, नाकारला गेला. १९९० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं मर्री चंद्रशेखर राव खटल्यात निकाल दिला की एका राज्यातला एससी-एसटी दर्जा माणसासोबत दुसऱ्या राज्यात जात नाही. कारण त्यांनी असं दिलं की मागासलेपण हे जागेशी बांधलेलं असते, एका मुलखात एखाद्या जमातीची जी हलाखी आहे ती दुसऱ्या मुलखात असेलच असं नाही, आणि बाहेरून येणाऱ्यांनी जागा घेतल्या तर इथल्यांचं काय. पटते का? अर्धं पटते. शंभर किलोमीटरवरून लग्न होऊन आलेल्या पोरीची हलाखी पुलावर कशी काय बदलते ते मला अजून कोणी समजावून सांगितलं नाही.

मग तिला इकडचा विमुक्त जाती अ चा दाखला काढून द्या, असं सासू म्हणाली. तोही नाही निघत. जात बापाकडून धरतात, नवऱ्याकडून नाही, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून बापाचं घराणं महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागते. एससी-एसटीला ती तारीख १९५० ची, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. तिचा आजा तेव्हा आदिलाबादकडं. तिच्या लेकराला मात्र नवऱ्याकडून विमुक्त जाती अ मिळते, काही अडचण नाही. म्हणजे एका घरात सासूला दाखला, नवऱ्याला दाखला, पोटातल्या लेकरालाही दाखला आणि मधातली सून कोरी.

कागदांचं एवढं, आता मालाचं. कलम ३०१ म्हणते भारतभर व्यापार खुला. इकडचा कापूस आदिलाबादच्या बाजारात नेता येते, तिकडं क्विंटलमागं दोनशे जास्त मिळाले तर लोक रात्रीच गाडी भरतात, कोणी अडवू शकत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी हायवेवर नाक्याच्या अलीकडं ट्रकच्या रांगा लागायच्या आणि त्या रांगांवर जगणारे चहा-भज्याचे ठेले, आता तिथं रस्ता मोकळा आहे आणि ठेले अर्धे बंद.

पण खुला व्यापार आणि सरकारी खरेदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथं लोक लय गोंधळतात. गोंदियाकडच्या एका ओळखीच्या कास्तकारानं मला फोन करून विचारलं होतं. छत्तीसगड सरकार २०२३-२४ च्या हंगामापासून धानाला क्विंटलला ३१०० रुपये देते, एकरी २१ क्विंटलपर्यंत. केंद्राचा हमीभाव त्या वर्षी साध्या धानाला २१८३ होता. देवरीच्या पुढं सीमा, पलीकडं नऊशेच्या वर जास्त, कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? पण तो भाव छत्तीसगडच्या तिजोरीतून येते आणि तिथं जमिनीची नोंद असलेल्या, सोसायटीत नाव असलेल्या कास्तकारालाच मिळते. म्हणून खरेदीच्या दिवसात छत्तीसगडवाले सीमेवर चेकपोस्ट लावून बाहेरचं धान पकडतात. व्यापाऱ्याला धान विकणं वेगळं, सरकारच्या काट्यावर तुमचं पोतं चढणार नाही. राज्याच्या पैशाची योजना राज्याच्या सीमेवर थांबते, एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं तर निम्मे प्रश्न सुटतात. (हत्तींना हे कोणी सांगितलं नाही, २०२१ पासून छत्तीसगडातून गडचिरोलीत येऊन धान खाऊन जातात, नोंदणी वगैरे काही नाही.)

दारू ही तिसरीच तऱ्हा. ती घटनेच्या राज्य यादीत आहे, बंदी करायची की लायसन द्यायचं ते राज्याचं राज्य ठरवते, आणि राज्यात जिल्ह्यागणिकही वेगळं असू शकते. वर्धा १९७४ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ला कोरडा झाला आणि २०२१ ला पुन्हा ओला. तेलंगणात रीतसर बिल करून घेतलेली बाटली गडचिरोलीत आणली तर गुन्हाच. बिल दाखवून सुटका होत नाही.

सर्वात मजेशीर उदाहरण बसचं. एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, मोटार वाहन कायद्यात कलम ८८ आहे, त्याप्रमाणं दोन राज्यं आपसात करार करतात की तुमच्या एवढ्या गाड्या आमच्याकडं एवढे किलोमीटर आणि आमच्या एवढ्या तुमच्याकडं. आधी मसुदा छापायचा, कोणाची हरकत असेल ती ऐकायची, मग पक्का करार गॅझेटमध्ये. आपली लालपरी आदिलाबादला जाते ती या करारावर. आता गंमत बघा, आपल्या सरकारनं मार्च २०२३ पासून बायांना एसटी बसमध्ये अर्धं तिकीट केलं, पण महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. म्हणून आदिलाबादला जाणाऱ्या बाईचा हिशोब दोन तुकड्यांत होते, हद्दीपर्यंत अर्धा, पुढं फुल. आणि तेलंगणानं डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यातल्या बायांना त्यांच्या बसमध्ये फुकट केलं. परवा ह्याच सासू-सुना आदिलाबादहून तिकडच्या बसनं आल्या. सुनेच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता, तिला हद्दीपर्यंत झिरो तिकीट. सासूच्या आधारवर यवतमाळ जिल्हा, तिला पूर्ण पैसे. एकच सीट, एकच टोपलं मांडीवर. सासू मला सांगत होती, "पोरगी फुकट आली अन् मी पैसे देऊन, बापाच्या घरून आल्यावानी." नोकरीच्या कागदावर जी सीमा सुनेला आडवी आली, तीच बसमध्ये सासूला आली.

गाडीचं थोडक्यात. तेलंगणा पासिंगची मोटरसायकल इथं चालवायला हरकत नाही, पण बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथलं नवीन पासिंग करावं लागते, त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स. हुंड्यात आलेल्या गाड्या पाच-पाच वर्षं तशाच फिरतात, ते चालते म्हणून कायदेशीर आहे असं नाही. आणि पुलापलीकडं चोरी झाली तर "आमची हद्द नाही" म्हणून इकडच्या ठाण्यानं हाकलायचं नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झिरो एफआयआर कायद्यातच लिहिलं आहे, कोणत्याही ठाण्यानं लिहून घ्यायचं आणि ज्यांची हद्द त्यांच्याकडं पाठवायचं.

मिरचीला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. फेब्रुवारी लागला की गडचिरोली-चंद्रपूरकडची गावंच्या गावं तेलंगणात मिरची तोडाईला जातात, म्हातारे आणि कुत्रे तेवढे मागं राहतात. आता रेशनकार्ड तिकडं चालते. २०१९ मध्ये तेलंगणा-आंध्र आणि महाराष्ट्र-गुजरात अशा जोड्यांपासून सुरुवात झाली आणि २०२२ पर्यंत सारी राज्यं जोडली गेली. अंगठा लावा आणि तिकडच्या दुकानात केंद्राचं धान्य घ्या, घरी राहिलेला म्हातारा आपल्या वाट्याचं इथं घेऊ शकते. पण केंद्राचंच. आपलं सरकार सणाला आनंदाचा शिधा द्यायचं, तो खम्ममात मागितला असता तर दुकानदार हसला असता. पुन्हा तेच वाक्य, राज्याच्या पैशाची योजना सीमेवर थांबते.

आता पाणी. इथं मात्र धुरेकऱ्यांचं नातं खरं कळते, कारण कागद थांबवता येते, पाणी नाही. वरच्यानं बांध घातला तर खालचा कोरडा, खालच्यानं घातला तर वरच्याच्या वावरात फुगवटा. घटनेनं पाण्याच्या भांडणाला वेगळीच वाट दिली. बाकी कोणत्याही बाबतीत राज्याला राज्याविरुद्ध जायचं असेल तर कलम १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात, मधात दुसरं कोर्टच नाही, महाराष्ट्रानं बेळगावसाठी कर्नाटकविरुद्ध २००४ मध्ये दावा टाकला तो यातच. पण आंतरराज्य नदीच्या पाण्यासाठी कलम २६२ आणि १९५६ चा कायदा सांगते की आधी केंद्राकडं तक्रार, बोलणी फिसकटली तर लवाद, आणि लवादाकडं जाणारं भांडण कोर्टानं थेट ऐकायचं नाही. गोदावरीचा लवाद १९६९ मध्ये बसला, निवाडा १९८० मध्ये आला. अकरा वर्षं. आणि त्या निवाड्यातही बराचसा भाग काय होता, तर राज्यांनी मधल्या काळात आपसात जे करार केले तेच जोडून घेतले. म्हणजे शेवटी धुरेकऱ्यांनी बसूनच मिटवलं, न्यायाधीशांनी शिक्का मारला.

निम्न पैनगंगा धरण बघा. धरण आपल्याकडं, पाणी वाटायचं दोघांनी, महाराष्ट्र ८८ टक्के, तेलंगणा १२ टक्के, खर्चही त्याच हिशोबानं. बुडणारी गावं मात्र १०० टक्के आपल्याच राज्यातली, दोन्ही काठांवरची, त्यांचा टक्का करारात नसते.

मेडीगड्डाचं तर आणखी बोलकं. प्राणहिता नदी गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, त्याच्या खाली तेलंगणानं मेडीगड्डा बॅरेज बांधला. आधी तो प्रकल्प वर, तुमडीहेटीला होणार होता, तिथं १५२ मीटरपर्यंत पाणी अडवलं तर आपली जास्त गावं बुडत होती म्हणून महाराष्ट्र अडून बसला. मग २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत करार झाला, तुमडीहेटी १४८ मीटर, मेडीगड्डा १०० मीटर, आणि पैनगंगेवरचा चनाखा-कोरटा बॅरेजही त्याच करारात. जून २०१९ मध्ये उद्घाटनाला दोन्ही मुख्यमंत्री एका मंचावर होते. करार मुंबईत झाला, पाणी चढलं सिरोंच्यात. तालुक्यातल्या नदीकाठच्या कास्तकारांची ओरड अशी की पुराचं पाणी वावरात येऊन बसते आणि मोबदल्याला चकरा माराव्या लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बॅरेजचे खांब खचले, ते वेगळंच.

आता या कास्तकारानं कुठं जायचं? कलम १३१ फक्त सरकारांसाठी आहे, माणसाला तिथं दार नाही. लवादापुढंही राज्यच जाते. लोकांना वाटते मग हैदराबादच्या हायकोर्टात जावं लागेल, तेलुगू वकील करावा लागेल. नाही. कलम २२६ मध्ये एक पोटकलम आहे, १९६३ च्या दुरुस्तीनं आलेलं, त्याप्रमाणं नुकसान ज्या हायकोर्टाच्या हद्दीत झालं ते हायकोर्ट बाहेरच्या राज्याच्या सरकारलाही नोटीस काढू शकते. वावर सिरोंच्यात बुडलं तर नागपूर खंडपीठ तेलंगणा सरकारला हजर व्हायला सांगू शकते. हे आधी का नाही सांगितलं म्हणून एक जण माझ्यावर चिडला होता, मलाही त्याच्या महिनाभर आधीच कळलं होतं.

भांडण कोर्टात जाऊच नये म्हणून बसून बोलायच्या जागाही केल्या आहेत. एक आंतरराज्य परिषद, कलम २६३ खाली १९९० मध्ये स्थापन झाली, पंतप्रधान अध्यक्ष, सारे मुख्यमंत्री सदस्य. तिची दहावी बैठक डिसेंबर २००६ मध्ये आणि अकरावी जुलै २०१६ मध्ये. दहा वर्षांत तर आमच्या बचत गटाच्या एकशेवीस होतात. दुसरी सोय विभागीय परिषदांची, १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातली, केंद्रीय गृहमंत्री अध्यक्ष, सीमेची भांडणं आणि वाहतूक हे त्यांचं खास काम. पण आपली गोची बघा. महाराष्ट्र पश्चिम परिषदेत, गुजरात आणि गोव्यासोबत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मध्य परिषदेत. तेलंगणा दक्षिण परिषदेत. म्हणजे विदर्भाच्या धुऱ्याला लागलेलं एकही दुसरं राज्य आपल्या परिषदेत नाही! संयुक्त बैठकीची सोय कायद्यात आहे, पण मुळात मुंबईच्या हिशोबानं शेजारी ठरवले की असंच होणार. आणि या परिषदा सल्लाच देतात, हुकूम नाही.

सीमा नीट ठरली नाही तर काय होते ते बघायचं तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात जा. तिथल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. राजुऱ्याचा हा सारा भाग १९५६ आधी हैदराबाद राज्यात होता, वाटणीत तो इकडं आला पण या गावांचा घोळ राहिला. एकाच गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन ग्रामपंचायती, दोन अंगणवाड्या, लोकांकडं दोन रेशनकार्ड आणि दोन मतदान कार्ड. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच मतदारयादीत पाहिजे, तिथं मात्र लोक दोन्हीकडच्या निवडणुकीत मत टाकत आले. ऐकायला मज्जा वाटते, दोन्हीकडून खायला मिळते म्हणून. पण जमिनीचा पट्टा मागायला गेलं की दोघंही म्हणतात त्यांच्याकडून घ्या. दोन धुरेकऱ्यांनी मधातली पट्टी आपली म्हटली तर त्या पट्टीवर कोणी नांगर घालत नाही, तसं. याचा निकाल कलम ३ खाली संसद लावू शकते, किंवा १३१ खाली सुप्रीम कोर्ट. कलेक्टर लावू शकत नाहीत, आणि आपले आमदारसाहेब कितीही टेबल वाजवोत, तेही नाहीत.

त्या सुनबाईचं राहिलंच. एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, नंतर वाचली आणि सासूला फोन करून बोलावलं. राज्य बदललं की नवीन राज्याचं आरक्षण मिळत नाही, पण मूळ राज्यातला दर्जा मरत नाही, आणि केंद्र सरकारच्या नोकरीला तो चालते. मूळ दर्जा मरत नाही हे केंद्र सरकारनं १९८५ च्याच परिपत्रकात सांगून ठेवलं आहे. फक्त दाखला केंद्राच्या नमुन्यात पाहिजे आणि तो माहेरच्या तहसीलमधून काढायचा. दोघी दोनदा आदिलाबादला जाऊन आल्या, सासू दोन्ही वेळा पूर्ण तिकीट काढून. मागच्या सोमवारी रेल्वेचा फॉर्म भरायला आल्या. कॅटेगरीत एसटी टाकलं, दाखला देणारं राज्य तेलंगणा, सध्याचा पत्ता जिल्हा यवतमाळ. सिस्टीमनं घेतलं. सासू मागं उभी राहून स्क्रीन बघत होती, म्हणाली आता धुऊन नाई गेली ना जी? मी म्हटलं नाही माय, फोटो तेवढा दुसरा द्या, यात पाठीमागचा पडदा निळा आहे, त्यांना पांढरा लागते.